पालथा मेकॅनिक

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या हातातली पिशवी फुगलेली होती आणि चेहरा उतरलेला होता. अशी पिशवी आणि असा चेहरा एकत्र आला की आत बिघडलेला मिक्सर असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

"लिफ्टचे मेकॅनिक इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं.

"तिसरा मजला. बिनधास्त जा," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कुणाचं कौतुक करायला लागलो की माझी जीभ माझं ऐकत नाही. "अहो, कंपनीने हात टेकलेले मिक्सर हा माणूस चालू करतो. पाठ गेलीय, पण काम बघाल तर धडधाकट माणसाने मान खाली घालावी. गिऱ्हाइकांची नुसती रीघ."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, "फार मदत झाली" म्हणाल्या आणि जिना चढल्या. पिशवीत मिक्सर नव्हताच. कामाला निकामी झालेल्यांना जो भत्ता मिळतो, तो घेणारे चोरून काम तर करत नाहीत ना, हे तपासत फिरणं ही त्यांची नोकरी होती. त्या वर पोचल्या तेव्हा आमचा मेकॅनिक एका मिक्सरची मोटर उघडून बसला होता. म्हणजे पडला होता. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद.

त्याचं बसणं म्हणजे पडणंच होतं. दोन ट्रंकांवर दाराची जुनी फळी, फळीवर हा पालथा, दोन्ही हात खाली सोडलेले आणि जमिनीवर मिक्सर. बसलं की कंबर पेटायची, उभं राहिलं की पाय सुन्न व्हायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः राहिला तो बिनलिफ्टच्या इमारतीत. माणसांना मजल्यावरून हाक मारायची सवय मात्र गेली नव्हती. मी 'तळमजला', समोरचा किराणा दुकानदार 'रस्ता'. बायकोला तो काहीच म्हणायचा नाही, कारण ती सगळ्याच मजल्यांवर पुरी पडायची. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते.

लिफ्टच्या टपावरून तो पडला तेव्हा कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता. "गरम होत होतं, काढून ठेवला," हे तो स्वतःहून सांगतो. न विचारता सांगतो, हीच पंचाईत.

भत्ता बंद झाल्याची बातमी दुकानदाराने माझ्या पिठाबरोबर तोलून दिली. "वाईट वाटतं, पण बरोबरच झालं. माझ्या पायाच्या नसा बघ कशा फुगल्यात. सकाळपासून उभा आहे. मला कोण देतंय भत्ता?"

"तुझी पाठ मोडलेली नाही."

"मोडली असती तर पट्टा लावूनच मोडली असती. त्याने लावला नाही, आणि कर मी भरायचा? वर मिक्सर दुरुस्त करून वेगळी कमाई. न्याय म्हणून काही आहे की नाही?"

त्याच्या नसा खरंच फुगलेल्या होत्या. मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, आणि तेही अर्धंच. मिक्सरच्या कमाईत त्यांचं तेलमीठ जेमतेम भागायचं. भत्ता सगळा दुखण्याच्या औषधात जायचा. औषध घेतलं की दोनेक तास हात चालायचे. म्हणजे भत्ता होता म्हणून तो काम करू शकायचा, आणि काम करू शकतो म्हणून भत्ता गेला. हे गणित पुन्हा दुकानात जाऊन सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "तूच तर सांगितलंस ना बाईंना, रीघ लागते म्हणून?"

जिन्यात वहिनी भेटल्या. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. "भावजी, तुम्ही वाईट काही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "पण गप्प बसला असता तर बरं झालं असतं." आणि धुलाईखान्याच्या दुसऱ्या पाळीला गेल्या. पहिली पाळी करूनच आल्या होत्या.

भत्त्याच्या कचेरीत फेरविचाराची सुनावणी लागली. त्याला रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा घातला आणि मी पुढे ड्रायव्हरला चिकटून बसलो. वाटेत मी त्याला पढवलं. "एकच वाक्य बोल. काम होत नाही. बस्स."

"खोटं बोलू?"

"अर्धं खोटं."

कचेरीतले साहेब सभ्य होते. त्याला बाकावर आडवं होऊ दिलं. "काका, माझ्याकडे दोनच उत्तरं चालतात. काम करता येतं की नाही?"

मी मागून त्याच्या खांद्याला बोट लावलं.

"येतं थोडं," तो म्हणाला. "पालथं पडून."

"थोडं असा प्रकार नियमात नाही, काका."

"माझ्या पाठीत आहे."

साहेब हसले, मीही हसलो. निकाल मात्र हसत लागला नाही. येताना रिक्षात मी चिडलो. एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं का? तो म्हणाला, "हात चालतात एवढंच उरलंय, तळमजला. तेही नाही म्हणून सांगितलं तर मी घरी कोण म्हणून जाऊ?"

पुढे औषध आधी निम्मं झालं, मग थांबलं. फळीवर चढायलाच दोन माणसं लागू लागली. एकदा माझ्यासमोर त्याच्या बोटांतून स्क्रू सुटला, मी दिला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्याने हातच पुढे केला नाही. गिऱ्हाइकं आली आणि उघडे मिक्सर तसेच परत घेऊन गेली. दुकानदारही आपला घेऊन गेला. जाताना पिठाची पिशवी ठेवली आणि कुणाकडे न बघता जिना उतरला.

काल मी वर गेलो. फळी भिंतीला उभी केलेली होती, हा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. वहिनी पाळीवर. मी स्टूल ओढलं आणि मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. "मी उद्या कचेरीत जातो. सांगतो, मी बाईंना थापा मारल्या, याच्याने काही होत नाही, हातसुद्धा चालत नाहीत."

त्याने मान वळवली नाही.

"सांग, आता ते खोटं राहिलेलं नाही."