साहेबांचा ट्रे

पाइपकाकांनी जन्मभर लोकांचे संडास मोकळे केले आणि तेवढ्याच उत्साहाने लोकांची तोंडं बंद केली. कुठे काही तुंबलं की बाकीचे प्लंबर आधी पाना काढतात. काका आधी व्याख्यान काढत. "संडास आहे हा, कचराकुंडी नाही!" ही सुरुवात. मग पाइपातून जे काही निघेल, कंगवा म्हणा, खेळण्यातली मोटार म्हणा, एकदा तर कुणाची तरी कवळी, ते काठीच्या टोकावर धरून अख्ख्या इमारतीला दाखवायचं. तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंचं फरशी पुसायचं फडकं त्यांनी असंच मिरवलं होतं. बाई निवृत्त झाल्या, काका निवृत्त झाले, पण जिन्यात काका दिसले की बाई अजून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत.

असा हा माणूस घरात मात्र चहाचा रिकामा कप उचलून बेसिनपर्यंत नेईल तर शपथ! काकू म्हणायच्या, "जगाची घाण काढून झाली, आता घरातली मी काढतेय."

सून घरात आली ती मांजर घेऊनच. चांगला गलेलठ्ठ, करड्या रंगाचा बोका. पहिल्याच दिवशी तो काकांच्या खुर्चीवर चढून बसला आणि काकांनी हुसकावलं तेव्हा त्याने असं पाहिलं, जणू काकाच नोकरी मागायला आलेत. "या, बसा साहेब," काका चिडून म्हणाले, आणि तेच नाव पडलं. पण हाकलायची कुणाची छाती नव्हती. बोका सुनेच्या आईचा होता. आईच्या शेवटच्या आजारपणात तो तिच्या पायाशी पडून असायचा. आई गेली आणि माहेर म्हणून सुनेजवळ तेवढाच उरला.

पोर गोड होती, फक्त काकांना हाक मारायची वेळ आली की अडायची. स्वतःचे वडील तिने पाहिलेच नव्हते, त्यामुळे 'बाबा' हा शब्द तिच्या जिभेला ठाऊकच नव्हता. "अं... चहा ठेवलाय," एवढ्यावर भागवायची. काका म्हणायचे, मला काय, चहा मिळाल्याशी मतलब. पण लागायचं त्यांना.

मग सुनेला दिवस राहिले. आधी एकदा दिवस राहून पोटातलं बाळ गेलं होतं, म्हणून काकू तिला फुलासारखी जपत होत्या. डॉक्टरबाईंनी मांजराचं ऐकलं आणि बजावलं, "मांजर राहू दे, पण त्याच्या शी-शूच्या ट्रेला हिने हात लावायचा नाही. विष्ठेतला जंतू बाळापर्यंत पोचू शकतो. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून रोज साफ करायचा. रोज म्हणजे रोज, शिळं राहू द्यायचं नाही. आणि नंतर साबणाने हात धुवायचे."

घरी येताच काकूंनी निकाल दिला, "बोका जाणार. जंतूबिंतू मला नको. पुन्हा तसं काही झालं तर मी नाही बाई सहन करू शकणार." सुनेने मान खाली घातली आणि साहेबांना मांडीवर ओढलं. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. अडचणीच्या वेळी त्याला नेहमीच महत्त्वाचे मेसेज येतात.

"मी करतो," काका म्हणाले.

सगळे हसले. साहेबसुद्धा जांभई देऊन मोकळे झाले.

"हसताय काय? माणसांचं काढलं, मांजराचं काय घेऊन बसलात!"

"ठीक आहे," काकू म्हणाल्या. "पण एक जरी भानगड झाली ना, बोका घराबाहेर. मग कुणाचं रडणं ऐकणार नाही."

आणि काका खरंच कामाला लागले. सकाळी उठलं की हातमोजे, तोंडाला रुमाल, हातात जाळीचा चमचा. ट्रेमधली विकतची माती ओली झाली की तिचे गोळे बनत. ते अलगद उचलायचे, धूळ उडवायची नाही, ताजी माती घालायची. साहेब शेजारी बसून देखरेख करत आणि ट्रे चकचकीत झाला रे झाला की उद्घाटनाला आत शिरत. "अहो, जरा दम धरा! माझी पाठ तरी वळू दे!" काका ओरडायचे. सून दारातून हसायची. तिला हसताना पाहून काका उगाच जास्त ओरडायचे.

उचललेले गोळे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायचे असतात. मातीच्या पाकिटावर ते चित्रासकट छापलेलं होतं. पण पाकीट वाचतील ते काका कसले! त्यांच्या धंद्याचा एकच कायदा: मैला संडासात, बाकी सगळं कचऱ्यात. गोळा म्हणजे मैलाच की! काका तो बिनदिक्कत संडासात टाकून पाणी सोडत आणि स्वतःवर खूश होत.

एका सकाळी तळमजल्यावरून किंकाळी आली. मुख्याध्यापिकाबाईंच्या मोरीतून नको ते पाणी वर येत होतं.

काका तुंबलेले पाइप मोकळे करायची जुनी स्प्रिंग घेऊन धावले. इमारत जमली, काकू आणि सून गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. काकांनी अंगणातलं गटाराचं चेंबर उघडलं, स्प्रिंग सरकवली, फिरवली, ओढली, आणि तोंड उघडलं, "संडास आहे हा, कचरा..."

पुढचं बाहेर पडलंच नाही. स्प्रिंगच्या टोकाला करडी, चिकट, फुगून टम्म झालेली माती होती. रोज सकाळी भेटणारी.

"काय निघालं?" कुणीतरी विचारलं.

बाई पुढे आल्या. "बोला ना. या वेळीही माझंच नाव घ्या. फडकं मिरवलंत तसं हेही मिरवा."

बाईंवर ढकललं असतं तर सगळ्यांनी डोळे मिटून मानलं असतं. त्यांनी वर पाहिलं. सुनेने बोक्याला छातीशी धरलं होतं. खरं बोललं की तो जाणार.

"बाईंचं नाही," काका म्हणाले. मग सवयीप्रमाणे ती स्प्रिंग उंच धरून सगळीकडे फिरवली. "माझं आहे. रोज मीच टाकत होतो. बाई, त्या फडक्याचंही चुकलंच माझं. तुमची मोरी मी धुऊन देतो."

मग कुणाला तरी हसू फुटलं आणि अख्खी इमारत खो-खो हसायला लागली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "फिनेल मी देते," एवढंच म्हणाल्या.

मोरी धुऊन काका मान खाली घालून जिना चढले. काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या.

"शब्द म्हणजे शब्द," काका पुटपुटले. "पण मुक्या जनावराला..."

"भानगड कुणी केली? बोक्याने?"

"नाही. मी."

"मग त्याला का बाहेर काढू? नियमाने तुम्ही जायला हवं." काकूंनी मातीचं पाकीट त्यांच्या हातात कोंबलं. "आधी हे वाचायचं. मोठ्याने. मग घरात पाऊल."

काकांनी उंबऱ्यात उभं राहून अख्खं पाकीट वाचलं. वाचून झालं आणि ते खुर्चीकडे वळले, तर मागून सुनेचा आवाज आला.

"बाबा, आधी हात धुवा."

काका जागच्या जागी थबकले. मग बेसिनपाशी गेले, साबण लावून हात धुतले, पुन्हा साबण लावला आणि पुन्हा धुतले, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ टॉवेलात डोकं घालून उभे राहिले.

"अहो!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "प्लंबर ना तुम्ही? नळ कोण बंद करणार?"