पेपरचं विसर्जन

पेपर जाळायचं ठरलं तेव्हा काडेपेटी माझ्या हातात होती. दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच. आमच्या भजनी मंडळात बिडी कोणी ओढत नही, म्हणजे देवळात तरी ओढत नही, अन् चूल पेटवणारी मी एकटी.

आमचं दत्ताचं देऊळ मेहरूणमध्ये, तलावाकडे उतरणाऱ्या गल्लीत. लहानसंच. दत्तजयंतीले सात दिवस भजन-कीर्तन राहते अन् शेवटच्या दिवशी भंडारा. भंडाऱ्याले भरीत अन् कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर. ते भरीत माझ्या हातचं.

ते माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते. आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. मालक एका पहाटे बागेतली मोटर चालू करायले गेले अन् तठेच करंट लागून पडले. पोरगी माझ्या कडेवर होती. दिवस झाल्यावर दीर म्हणे, वहिनी, आता तुमचं तुम्ही पाहा. मी पोरीले घेऊन जळगावले आली. पापड लाटले, लग्नाघरी भांडी घासली, लोकांच्या शेतात कापूस वेचला. रडायले वेळ लागतो, तो नव्हता. पोरगी मोठी झाली, लग्न करून चाळीसगावले गेली. मग घरात भिंतीशी किती बोलणार, म्हणून मंडळात जायले लागली.

मंडळात पण माझं काही जमेना. गळा माझा असा, की मी आरती उचलली का गल्लीतलं कुत्रं उत्तर द्यायचं. टाळ दिले तर ठेका चुकायचा. एकदा ऐन भजनात आबांनी माझ्या हातातून टाळ हळूच काढून घेतले, लेकराच्या हातातून विळी काढतात तसे. आबा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, एसटीतले रिटायर कंडक्टर. म्हणे, "अक्का, तुम्ही नुसत्या बसा." मग मी नुसती बसायची, दारापाशी, चपला काढतात तठे. येणारे-जाणारे मलेच विचारायचे, माझी चप्पल दिसली का.

अशात एका भंडाऱ्याले आचारी आलाच नही. वांगी येऊन पडलेली, लोक दुपारपासून घिरट्या घालणारे. मी उठली. कपाशीच्या काड्या रचल्या, वांग्यांले तेल चोळून भाजली, साल काढली अन् लाकडाच्या बडगीत मिरची-लसूण घालून मुसळीनं ठेचली. त्या दिवसापासून मले चपलांपाशी कोणी बसवलं नही. मी आली का लोक सरकून जागा देतात, विचारतात, "अक्का, या वर्षी वांगी कुठली?" आयुष्यात मले कोणी काही विचारलं असंल तर ते एवढंच.

आता त्या वर्षाचं. कीर्तनकार महाराज धुळ्याहून आलेले. आवाज भरदार, पण एकदा सुरू झाले का थांबणं कठीण. माझा जाळ मंडपाच्या मागं, अन् वारा त्या दिवशी माझ्याकडून मंडपाकडे. वांग्याची साल तडतडली, लसूण-मिरचीचा ठसका आत गेला, अन् मागचे लोक एकेक करून उठायले लागले. कोणाले लघवीले लागली, कोणाले फोन आला. बठ्ठे येऊन माझ्यामागं उभे.

मी म्हटलं, "कीर्तन चालू आहे, आत जाऊन बसा."

तर एक जण म्हणे, "अक्का, अठून पण ऐकू येते."

पेपरवाला भाऊ पण त्यांच्यातच. गळ्यात कॅमेरा. पोटभर जेवला, वरून भाकर मागून घेतली, दत्तमहाराजांचा फोटो काढला, रांगेचा काढला, अन् स्कूटरले किक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. वर दत्तमहाराजांचा रंगीत फोटो, अर्ध्या पानाचा, गायीसकट, कुत्र्यांसकट. खाली रांग. मधात मोठ्या अक्षरात: 'कीर्तनात शुकशुकाट, भरताला रांग.'

मी चौथी शिकलेली. बारीक अक्षर मले लागत नही, मोठं वाचता येते. 'भरताला रांग' मी वाचलं, चष्मा पुसला अन् परत वाचलं. बरं वाटलं.

तेवढ्यात आबांचं बोलावणं आलं. देवळात बठ्ठे जमलेले. आबा लाल झालेले.

"असा अपमान एसटीत पण पाहिला नही," आबा म्हणे. "अन् तठे तर लोक तोंडावर बोलायचे."

आमच्यात एक नानी आहे. धुळ्याकडची, बोलते अहिराणी, अन् भीत कोणालेच नही. ती म्हणे, "आबा, त्यानं खोटं काय लिखं? तुम्ही सोता ताट लिसन उभा व्हतात."

"मी व्यवस्था पाहत होतो."

"हा. ताटमा."

आबांनी तिकडे लक्ष दिलं नही. धुळ्याहून महाराजांचा फोन येऊन गेला होता. महाराज म्हणे, पुढच्या वर्षी मी येत नाही, वांग्यालाच कीर्तनाला उभं करा. मग आबांनी बठ्ठ्यांसमोर पेपरवाल्याले फोन लावला, स्पीकरवर.

"ही बातमी मागे घ्या."

"आबा, छापलेली मागे कशी घेऊ? घरोघर गेली ती."

"तुम्ही आमच्याकडे जेवलात ना?"

"जेवलो म्हणून तर लिहिलं."

आबांनी फोन ठेवला अन् उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या. एक, उद्या देवळासमोर पेपरची होळी करायची. दुसरी, पुढच्या वर्षीपासून भरीत बंद. प्रसादाले केळं अन् फुटाणे. केळ्याले काही वास सुटत नही.

बठ्ठ्यांनी माना हलवल्या. मी दाराकडे पाहिलं. चपलांपाशी माझी जुनी जागा तशीच होती, कोणी घेतलेली नव्हती.

नानीनं मले कोपर मारलं. "बोल ना व काही."

"काय बोलू. देवानं दिलं तेवढे दिवस केलं."

"देवनी काय करं? आबानी करं."

पण मी बोलली नही. मालक गेले तेव्हा बोलून काही झालं नव्हतं, हे तर वांग्याचं.

होळीची तयारी मोठी झाली. मंडळात तो पेपर कोणी घेतच नव्हतं, म्हणून आबांनी माणसं पाठवून शिल्लक अंक बठ्ठे विकत आणले. स्टॉलवाला म्हणे, "एवढे? कोणाच्या लग्नाचं छापून आलं का?" मग कोणी तरी म्हटलं, नुसता कागद भुर्रकन जळून जाईल, खाली काड्या पाहिजे. आबा माझ्याकडे वळले. "अक्का, तुमच्या काड्या उरल्या ना? तुम्हीच रचा, तुमचा हात बसलेला आहे."

म्हणजे ज्या पेपरात माझ्या भरताचं आलं त्याचं सरण मीच रचलं. चांगलं रचलं. खालून हवा लागेल असं.

पेपरवाला भाऊ कॅमेरा घेऊन वेळेवर हजर. आबांनीच कळवलं होतं. निषेध करायचा अन् पेपरात यायले नको, असं कसं चालंल. तो म्हणे, "आबा, लवकर पेटवा, मला दीपनगरला एका सत्काराला जायचंय."

वारा होता. एक अंक उडायले लागला, तो आबांनी पायाखाली दाबून धरला. मी काडी काढली. तेवढ्यात नानी म्हणे, "थांब व. त्यावर दत्त शे ना."

आबांनी खाली पाहिलं. मग पाय असा उचलला जसा विंचवावर पडला होता. वाकले, अंकाले हात लावून कपाळाले लावला, अन् पहिले चपला काढल्या. त्यांचं पाहून बठ्ठ्यांनी चपला काढल्या. भर रस्त्यात आम्ही अनवाणी, मधात पेपरचा ढीग, अन् जाळता येईना.

"फोटो कापून घ्या," एक जण म्हणे. "देव बाजूले, बातमी जाळा."

आमच्यातले एक शिंपी आहेत. त्यांनी कात्री आणली अन् खाली मांडी घालून कापायले बसले. घाईघाईत एका कुत्र्याची शेपटी गेली.

"शेपटी गई," नानी म्हणे.

"डोकं नका ना खाऊ माझं," शिंपी म्हणे. "मी माणसाचे कपडे कापतो, कुत्र्याचे नही."

कसाबसा एक फोटो निघाला. आबांनी दोन्ही हातांवर घेतला, नमस्कार करायले उचलला, तर मागच्या बाजूले मूळव्याधीच्या दवाखान्याची जाहिरात. 'बसायला त्रास होतो का?' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, अन् एक माणूस कंबर धरून उभा.

"हाई देव्हारामा लावशात," नानी म्हणे, "अन् वारानं उलटं व्हयनं म्हंजे आरती कोनी कराची?"

हसू कोणाले आवरेना. आबा मात्र हसले नहीत. पेपरवाल्यानं घड्याळ पाहिलं. "मग पेटवत नाही का? पंचाईत झाली. मी तर पेपरात जागा ठेवून आलोय."

कोपऱ्यावर रद्दीवाले चाचा आहेत. ते तराजू सोडून गंमत पाहायले आले होते. आबांनी त्यांनाच विचारलं, "चाचा, तुमच्याकडे असे पेपर येतात, तुम्ही काय करता?"

"असं पान मी पुडीला देत नाही, आबा. तुमचे देव एका गोणीत ठेवतो, आमच्या कुराणाच्या आयती दुसऱ्या गोणीत. तुमची भरली की पुजारी नेतात, विसर्जन करतात. आमची आमचे लोक नेतात."

"विसर्जन," आबा म्हणे. त्यांचा चेहरा उघडला. "विसर्जनच करू. तो पण निषेधच."

चाचा म्हणे, "मग घोषणा कोणती देणार?"

त्याचा विचार कोणी केला नव्हता.

पाट आणला. पाटावर अंकांची थप्पी, वर झेंडूची फुलं, हळद-कुंकू. पाट आबांच्या डोक्यावर. पुढं टाळ-मृदंग, मागं आम्ही बाया. एकानं 'निषेध असो' म्हणून पाहिलं, पण डोक्यावर देव असताना ते बरं लागेना, म्हणून दिगंबराचाच गजर सुरू झाला. रस्त्यानं रिक्षावाले थांबून हात जोडायचे. एका बाईनं आबांचे पाय धुतले, वर नारळ दिला. एक म्हातारा मले विचारे, "कोणत्या महाराजांची पालखी?" मी म्हटलं, "पेपरची." तो म्हणे, "हो का," अन् आमच्यासोबत चालायले लागला. तलावापर्यंत पोचलो तर माणसं कीर्तनाहून जास्त. पेपरवाला फोटो काढत उलटा चालत होता. दीपनगरचा सत्कार त्याच्या डोक्यातून गेला होता.

तलावावर महापालिकेचा वॉचमन उभा. म्हणे, "पाण्यात काही टाकायचं नाही. निर्माल्य कलशात टाका." त्या कलशाचं तोंड लहान. थप्पी जाईना. मग एकेक अंक गुंडाळी करून आत सोडावा लागला, सकाळी पेपर टाकणारे दाराच्या फटीतून सारतात तसा. दर अंकाले आबा हात जोडायचे. शेवटच्याले त्यांचे डोळे भरून आले. ज्या पेपरले शिव्या घालायले निघाले त्याले निरोप देताना माणूस रडला.

आरती झाली. विसर्जनाले आलेलं माणूस उपाशी जात नही, म्हणून आबांनी नव्या नियमाप्रमाणे फुटाणे अन् केळी काढली. केळी हिरवीगार. आम्ही केळीच्या मुलखातली माणसं, अन् आबांनी घड आणला तो बागेतून कापला तसाच, वखारीत पिकवायचा राहिलेला. एकानं चावून पाहिलं अन् हळूच खिशात ठेवलं.

नानीनं केळं आबांच्या समोर धरलं. "आबा, हाई परसाद शे का मुसळ?"

आबांनी फुटाण्यांची पिशवी पुढं केली. तसेच बठ्ठे देवळाकडे परत निघाले, फुटाणे चावत. नवे जोडलेले पण सोबत, कारण त्यांनाही कोणी जा म्हटलं नव्हतं.

देवळासमोर माझ्या काड्या रचलेल्या तशाच. बाजूले भंडाऱ्यातून उरलेलं वांग्यांचं पोतं. आबा थांबले. काड्यांकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. मागं वळून एवढ्या माणसांकडे पाहिलं. मी पदरात काडेपेटी धरून उभी. मी तोंडानं काही मागितलं नही, पण त्या दिवशी मनात दत्ताले म्हटलं, तीन तोंडं आहेत तुले, एकानं तरी बोल.

आबा खाकरले. "अक्का, काडेपेटी आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी पेटवलं. नानी वांग्यांले तेल चोळायले बसली. चाचांनी बाजूच्या भाजीवाल्याकडून कांद्याची पात आणून दिली. पेपरवाला भाऊ जवळ सरकला तर आबांनी त्याले हातानं अडवलं. "तुम्ही आधी आत बसून एक भजन ऐका. मग ताट." तो ऐकून आला. दोन भाकरी खाल्ल्या अन् म्हणे, "आबा, आता काय लिहू?" आबा म्हणे, "काहीच लिहू नका." त्यानं पण लिहिलं नही. चांगला माणूस आहे तसा.

मंडळाचा ठराव फिरला. आबांनी तो आपल्या पद्धतीनं फिरवला. म्हणे, चूक भरताची नव्हती, वाऱ्याची होती. आता कीर्तन संपल्याशिवाय जाळ करायचा नही.

पुढच्या दत्तजयंतीले महाराजांले मिनतवारी करून आणलं. मी मंडपाच्या मागं काड्या रचून बसली, काडेपेटी हातात. वास नव्हता म्हणून कोणी उठलं नही. मंडप गच्च. महाराजांनी एवढी माणसं पाहिली अन् त्यांले जोर चढला. एक अभंग झाला, दुसरा काढला. त्याचा अर्थ सांगितला, मग अर्थाचा अर्थ. पेपरवाला भाऊ आबांनी पहिल्या रांगेत बसवलेला, हलायले जागा नही. मागचे लोक मान वळवून माझ्याकडे पाहायचे. मी आबांकडे पाहायची. आबा महाराजांकडे. उन्हं उतरली. कोणाच्या तरी पोटातून मृदंगासारखा आवाज आला.

शेवटी महाराज एका ओळीच्या मधात थांबले. नाकानं हवा ओढून पाहिली. आबांकडे वाकले, पण माईक तोंडाशीच होता, म्हणून बठ्ठ्या मेहरूणनं ऐकलं.

"आबा, अक्कांनी अजून पेटवलं नाही का?"

मी काडी ओढली.