पेटाऱ्यामागची वीतभर जागा

दोष शोधणं हा माझा धंदा आहे. वसई पूर्वेच्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस आहे. गोळीचा टवका उडालेला असो की लेबल जरासं तिरकं लागलेलं असो, उन्नतीच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिथे सगळे म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणते, मग ते म्हणतात.

माझ्या सासूबाई, जिजाबाई, जूचंद्रच्या. सगळं आयुष्य खाडीकाठच्या भातशेतीत गेलं. सासरे गेल्यावर थोरल्या दिरांनी, हरेश्वरभाऊजींनी, गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, तेव्हा त्या चंदनसारला आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. टेम्पोतून उतरताना त्यांच्याबरोबर एकच वस्तू होती, लग्नात वडिलांनी करून दिलेला सागवानी पेटारा. त्यात नऊवारी लुगडी, एक समई आणि कशासाठी ते न कळणारा एक विळा. पेटारा आतल्या खोलीत मावेना, म्हणून हॉलमध्ये ठेवावा लागला. त्यांनी तो चार विटांवर चढवला आणि भिंतीपासून बरोबर एक वीत पुढे ओढला.

दहा फुटांच्या हॉलमध्ये वीतभर जागा फुकट जाते म्हणजे काय! मला ती जागा रोज टोचायची. त्यातून सासूबाई रोज संध्याकाळी देवाला दिवा लावला की पेटाऱ्यामागे कोपरापर्यंत हात घालायच्या, भिंत चाचपायच्या, बोटं निरखायच्या आणि पदराला पुसायच्या.

"आई, काय शोधता मागे?" मी एकदा विचारलं.

"काय नाय गं बाय. भिंतीचा काय भरवसा?"

म्हातारी काहीतरी लपवते आहे, असा मी निष्कर्ष काढला. त्या कुणाच्यातरी लग्नाच्या हळदीला गावी गेल्या तेव्हा मी टॉर्च घेऊन मागे डोकावले. सोनं नाही, नाणं नाही, खाऊचा डबासुद्धा नाही. भिंतीवर फक्त मातीचे पुसट फराटे, ओला हात फिरवल्यासारखे. मग मी दुसरा निष्कर्ष काढला: सासूबाई घाणेरडे हात भिंतीला पुसतात. अकरा वर्षांचा अनुभव आहे मला.

समोरच्या भिंतीवर माझं टीव्ही युनिट होतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, अक्रोडी रंगाचं, भिंतीत खिळे मारून पक्कं बसवलेलं. डिझाइन मी स्वतः मोबाइलवर शोधलं होतं. पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी मी ते दाखवायची.

"बाय, त्या टीवीच्या खोक्यामागं पन येकदा बग," सासूबाई दोनदा म्हणाल्या.

"आई, ते फिटिंग आहे. त्याच्यामागे जागाच नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं.

पुढे आर्याचा, माझ्या मुलीचा, आठवा वाढदिवस आला. माणसं बसवायला जागा हवी होती. सासूबाई दोन दिवस गावी होत्या. मी विटा काढल्या, पेटारा भिंतीला टेकवला, वर फोमची गादी आणि फुलाफुलांची चादर घातली. सगळ्यांनी वाहवा केली. सासूबाई परत आल्या, गादीकडे बघितलं आणि देवाला दिवा लावायला वळल्या. हे घर माझं आहे, हे मी त्यांना आधीच तीनदा ऐकवलं होतं.

दीड महिन्याने पेटाऱ्याच्या वर भिंतीवर मातीची एक रेघ दिसली. पेन्सिलीएवढी जाड, नागमोडी, दाराच्या चौकटीच्या दिशेने निघालेली. नखाने खरवडली तर आत पांढरे किडे वळवळत होते. वाळवी!

निकाल द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. "गावचं लाकूड! यातूनच आली."

"साग हाय तो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कोन खातंय?"

पण तोवर मी सात व्हिडिओ बघितले होते. आठव्याची गरज नव्हती. रॉकेल मारलं, बोरिक पावडर टाकली, वरून संत्र्याचं कसलंसं तेल फवारलं. पेटाऱ्याच्या बाहेरून आणि आतूनही. लुगडी बाहेर काढायचं सुचलं ते फवारून झाल्यावर. सासूबाईंनी एक एक लुगडं उचलून नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, "नाहीतरी हा पेटारा आता घरात ठेवता येणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "पेटारा जाईल तिथं मी जाईन."

माझा नवरा अल्पेश दोघींच्या मध्ये उभा होता. तो मला "अगं" म्हणाला, त्यांना "आई" म्हणाला. त्याचं भाषण तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी जूचंद्रहून टेम्पो आला. भाऊजींचं घर तोवर बांधून झालं होतं.

घर मोठं झाल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? आर्या मात्र रोज दिवेलागणीला विचारायची, आजी कधी येणार. मी म्हणायची, बघू.

तीन आठवड्यांनी मी टीव्ही युनिटचा खण ओढला आणि खणाचं तोंड माझ्या हातात आलं. मागे खण नव्हताच. माती होती. टीव्ही एका बाजूला कलला, तो अल्पेशने धावत येऊन धरला, म्हणून वाचला.

मग मात्र माणूस बोलावला. डेन्झिल नावाचा, वसईचा, वीस वर्षं वाळवीच्या औषधाचं काम करणारा. त्याने स्क्रूड्रायव्हर युनिटला नुसता टेकवला, तर उपम्यात चमचा जावा तसा तो आत गेला.

"मॅडम, वर्षभर तरी खातायत. वरचा सनमायका तेवढा ठेवलाय, तो त्यांना आवडत नाही." मग तो मातीच्या वाटेमागे भिंतीभिंतीने सरकत पेटाऱ्याच्या रिकाम्या जागेपाशी आला आणि खाली बसला. "हे फराटे बघितले? इथे कोणीतरी त्यांची वाट रोज हाताने मोडलीय. त्याने वाळवी मरत नाही, पण अडते. नाहीतर तुमची चौकट कधीच गेली असती. कोण बघायचं इथे?"

"सासूबाई," मी म्हटलं.

"मग बंद का केलं त्यांनी?"

अल्पेशने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि तो चोर पाहुण्यांना कौतुकाने दाखवत आले होते. मला फार लाज वाटली. डेन्झिलने भिंतीच्या कडेने फूटफूट अंतरावर भोकं पाडली, औषध सोडलं, ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली. युनिट भंगारवाल्यानेही नेलं नाही.

रविवारी मी एकटीच जूचंद्रला गेले. वाटेत मोठी प्रस्तावना तयार केली होती. सासूबाई नव्या ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांना बघून माझी प्रस्तावना विरली.

"आई, चुकलं माझं."

त्यांनी मान वर केली. "टीवीचं खोकं काय म्हनतं?"

"पडलं."

त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, कोलंबीच्या हाताने ते पुसताही येईना. मग ताट माझ्याकडे सरकवलं. मी खाली बसून सोलायला घेतलं. पंधरा-वीस झाल्यावर त्यांनी विचारलं, "औषदाचा वास गेला काय?"

"जाईल चार दिवसांत. याल ना?"

"लुगड्यांचा अजून नाय गेला," त्या म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी टेम्पो आला.

चंदनसारला मी सगळ्यांच्या आधी विटा मांडल्या. अल्पेशने आणि मी पेटारा विटांवर चढवला. मग मी अंगठा भिंतीला टेकवला, करंगळी ताणली आणि बरोबर एक वीत अंतर मोजून सासूबाईंकडे बघितलं. शाबासकी मिळणार अशी माझी खात्री होती.

त्या वाकल्या. माझ्या हाताशेजारी आपला हात भिंतीला लावला. चाळीस पावसाळे भात लावून बोटं वाकडी झालेली, तरी त्यांची करंगळी माझ्यापुढे चांगली इंचभर गेली.

"तुजी वीत लहान हाय गं बाय," त्या म्हणाल्या.

मी पेटारा आणखी पुढे ओढला.