लंकाबाई आणि युरोपचा संडास

लंकाबाईला कुणी गरीब गाय म्हटलं असतं तर विंचूरच्या अख्ख्या पट्ट्यात हसू पिकलं असतं. बाजारात भाजीवालीशी, एस.टी.त कंडक्टरशी आणि घरात नवऱ्याशी तिचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. पण भांडण संपलं की त्याच माणसाला ओट्यावर बसवून चहा पाजणार, तोही साखर घालून. नवरा सावळीराम तिच्या मानानं मवाळ. मात्र एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं, की मग प्रत्यक्ष देव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

दोन हजार पाच सालात त्याच्या डोक्यात युरोप शिरला.

तेव्हा द्राक्षवाल्यांत ज्याच्या त्याच्या तोंडी युरोपच होता. तिकडं माल पाठवायचा तर तिकडची माणसं म्हणे नुसती द्राक्षं बघत नाहीत, सगळी बाग बघतात. औषधं कुठं ठेवता? फवारताना तोंडाला काय बांधता? घडांची विरळणी करणाऱ्या बायकांची नखं कापलेली आहेत का? हात धुवायला साबण आहे का? आणि हे सगळं असलं तरी बागेत काम करणाऱ्यांसाठी संडास हवाच. पाहणी होऊन सर्टिफिकेट मिळालं तर माल बोटीत चढणार, नाहीतर बसा इथल्याच बाजारात व्यापाऱ्यांच्या मिनतवाऱ्या करत.

झालं! सावळीरामानं बागेच्या कडेला संडास बांधला. आणि कसा? आत पांढऱ्याशुभ्र फरश्या, निळा दरवाजा, वर हवेला जाळी. त्याच्या स्वतःच्या घरात धड न्हाणीघर नव्हतं, घरची माणसं टमरेल घेऊन ओढ्याकडं जायची, आणि युरोपसाठी हा थाट!

लंकाबाईला काय आनंद झाला म्हणून सांगू! गवंडी फरश्या बसवत होता तेव्हा ती काही ना काही निमित्त काढून सारखी बघून यायची. लग्न होऊन आल्यापासून एक तर उजाडायच्या आत जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर दाबून धरायचं, ह्यातच तिची उमर गेली होती. बागेत कामाला येणाऱ्या बायकांचे तर त्याहून हाल. द्राक्षाच्या मांडवाला वर पानं दाट, पण खाली सगळं मोकळं. आडोसा म्हणून कुठं शोधायचा? म्हणून सगुणाबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नसत.

पण संडास तयार झाला आणि सावळीरामानं नारळ फोडला, दाराला झेंडूची माळ लावली आणि वर कुलूप ठोकलं. किल्ली करदोड्याला.

"पाहणी होईस्तोवर कुणी पाय ठेवायचा नाय," तो म्हणाला. "घाण झाला म्हंजे?"

"अहो, संडास हाय का देव्हारा?" लंकाबाई कडाडली. "घाण व्हायलाच असतो तो! मंग धुवायचा असतो!"

"तुला नाय कळायचं. युरोपचं काम हाय."

लंकाबाईनं भांडी आपटली, अबोला धरला, एकदा तर त्याच्या भाजीत मीठच घातलं नाही. सावळीराम बिनमिठाची भाजी गुमान जेवला, पण किल्ली काही सुटली नाही.

द्राक्षात साखर भरायला लागली आणि पाहणीचा दिवस उजाडला. सावळीराम इस्त्रीचा सदरा घालून साहेबाची वाट बघत उभा, आणि जीपमधून उतरली एक किडकिडीत पोरगी. पुण्याच्या पल्लवी मॅडम. सावळीराम जरा खट्टू झाला, पण लगेच सावरला.

सगळं झकास चाललं होतं. औषधांची खोली बघितली, साबण बघितला. पाहणीपुरत्या डोक्याला टोप्या घातलेल्या बाया एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसत होत्या, ते बघून मॅडमही हसल्या. मग संडास. सावळीरामानं छाती फुगवून कुलूप काढलं. वाळकी माळ मॅडमच्या डोक्याला लागली. आत सगळं चकचकीत. भांड्यावर कंपनीचा कागद जसाच्या तसा चिकटलेला. मॅडमनी नळ फिरवला, तर नुसता खरखरला.

"हा वापरतं कोण?"

"सगळेच की!" सावळीराम म्हणाला.

मॅडमनी त्या कागदाकडं बघितलं आणि मग लंकाबाईकडं. "काकू, तुम्ही सांगा. तुम्ही वापरता?"

सावळीराम डोळ्यांनी गयावया करायला लागला. बाग काही एकट्या त्याची नव्हती. खड्डे खणण्यापासून तिचे हात त्या मातीत होते. नाही म्हणावं तर माल अडकतो. हो म्हणावं तर जीप वळायच्या आत कुलूप पुन्हा दारावर.

"नाय वापरत," ती म्हणाली. "हे वापरूच देत नाय."

सावळीरामाची पाचावर धारण बसली.

"मग मला पास करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दाखवायला बांधलेला चालत नाही, काका. मी शेजारच्या बागा बघून दुपारी परत येते. तोवर पाणी आलेलं आणि माणसं वापरताना दिसली, तर बघू."

जीप गेली आणि सावळीराम असा पळत सुटला की बास. ठिबकच्या लाइनीवरून नळी जोडली, कागद खरवडला, आणि टोळीपुढं येऊन हात जोडले.

"सगुणामावशी, जा ना गं! तुम्ही सगळ्या जा!"

सगुणाबाईनं कात्री खाली ठेवली. "जायचं काय, भाऊ? सकाळपास्नं पाण्याचा घोट नाय पोटात. आणायची कुठून?"

"पाजा मंग!" लंकाबाई म्हणाली. "पण त्याआधी ती किल्ली आणि कुलूप इकडं आणा."

त्यानं मुकाट्यानं दोन्ही दिलं. लंकाबाई विहिरीशी गेली आणि "अगं, नवं हाय ते!" असं तो ओरडेपर्यंत कुलूप बुडालंसुद्धा.

मग काय विचारता! मालक हंडा घेऊन ओळीनं पाणी वाढतोय, बाया टोप्या घालून मांडवाखाली मांडी ठोकून बसल्यात. पाणी झालं, ताक झालं, चहा झाला. "भाऊ, चहात जरा आलं टाका की," असं म्हणण्यापर्यंत सगुणाबाईची मजल गेली. आणि मग एकेक बाई उठायला लागली ती थांबेचना. जीप परतली तेव्हा निळ्या दारापुढं ही रांग!

"बघा, मॅडम!" सावळीरामानं घाम पुसत रांग दाखवली.

मॅडमनी रांग बघितली आणि तिच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्याही सकाळपासून बागाच फिरत होत्या ना! सावळीराम धावत जाऊन दार ठोठावायला लागला.

आत लंकाबाई होती. वरच्या जाळीतून उन्हाचा पट्टा फरशीवर आला होता. भर दिवसा, दार लावून, कुणाची चाहूल लागली तरी दचकून उठायचं नाही, असं ती आयुष्यात पहिल्यांदा बसली होती. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. जी माणसं तिला ओळखतही नव्हती, त्यांना द्राक्षं घेताना विचारावंसं वाटलं होतं, की बागेतली बाई जाते कुठं? त्यांना द्राक्षाची काळजी असेल, असू दे. पण विचारलं तर होतं. शेजारी झोपणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं, ह्याचा तिला असा काही राग आला, की तिनं कडीवरचा हात मागं घेतला.

"अगं, नीघ बाहेर! मॅडम खोळंबल्यात! सर्टिफिकेट जाईल!"

"बसू द्या हो त्यांना निवांत," रांगेतून मॅडम म्हणाल्या. "मला हेच बघायचं होतं."

कडी निघायला मात्र बराच वेळ लागला.