दादाच्या फोनमधले साहेब

माझ्या भावाला गाडीतलं काही कळत नव्हतं.

आज दादाला जाऊन, आमच्यात म्हणतात तसं लिंगैक्य होऊन, वर्ष झालं. सकाळी भाच्याने सेलूच्या दुकानावरच्या बॅनरचा फोटो पाठवला. दादाचा हसरा चेहरा. खाली, 'ऐन बंदमध्ये घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करून ज्यांनी या व्यवसायाचा पाया घातला...'

"आत्या, तुमी पण फेसबुकवर दोन शब्द लिहा ना."

लिहिते. दोनात मावणार नाहीत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मी परभणीला बी.एस्सी. करत होते. आंदोलनामुळे कॉलेज बंद, परीक्षा पुढे गेलेली, म्हणून मी सेलूला घरी होते. दादा बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन माझ्या आधीपासून घरी होता.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका डॉक्टरांची सात-आठ वर्षं वापरलेली गाडी घेतली होती. देवगाव फाट्याजवळ तिने वाफ सोडली. बैल जुंपून घरी आणली.

इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे जातं, तिथे प्लास्टिकचा एक वाकडा नळ होता. उष्णतेने इतका वाळलेला, की हात लावला आणि तुकडा हातात आला. पाण्याची प्लास्टिकची टाकीसुद्धा तडकलेली.

आप्पांनी परभणीहून दोन्ही वस्तू मागवल्या. दुकानदार शहाणा होता, नळ एक जास्तीचा दिला.

दुसऱ्या दिवशी बंद. मिस्त्री येईना. आप्पा शेतावर गेलेले. दादाने पाना घेतला.

टाकी कशीबशी बसली. मग रबरी पाइप नळावर धरून ठेवणारी पट्टी तो आवळत सुटला.

"दादा, बस कर. ते लोखंड न्हाई."

"तू पुस्तक वाच."

कट्.

नव्या नळाचे दोन तुकडे. दादा पाना टाकून मित्राकडे निघून गेला.

मग मी बसले.

जुन्या नळाचा तुटका तोंडाचा भाग रबरी पाइपात अडकला होता. तो सांडशीने ओढून काढला. दुसरा नळ बसवला. पट्टी हळूहळू, जेवढ्यास तेवढी आवळली. पाणी भरलं, गाडी सुरू केली. थोड्या वेळाने तापमानाची सुई वर.

तेवढ्यात दादा परत आला. "पोरीच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

मी गाडी बंद केली आणि विचार करत बसले. आमच्या विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की पाणी येत नसे. आप्पा आधी हवा काढायचे. इथेही तेच असणार.

अंगणाला उतार होता. गाडी थंड झाल्यावर दादाला ढकलायला लावून तिचं तोंड चढाकडे केलं. टाकीचं झाकण उघडं ठेवून सुरू केली. बुडबुडे आले. पाणी खाली गेलं, पुन्हा भरलं. पुन्हा बुडबुडे.

सुई मध्यावर येऊन थांबली.

दादा गाडी घेऊन बाजारातून चक्कर मारून आला. मी मागच्या दारी रॉकेल आणि राखेने हात घासत होते. आप्पा शेतावरून आले.

"कुणी केली?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसूनं केली."

बसू म्हणजे बसवराज. म्हणजे दादा. त्याने नाही म्हटलं नाही.

नंतर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "रविवारी पाहुणे यायलेत तुला बघायला. त्यांना काय सांगू, पोरगी गाडीखाली निजती म्हणून?"

आणि दादा म्हणाला, "सुमे, कुणाला सांगू नको."

महिन्याभरात आप्पांनी मार्केट रोडला गाळा घेतला. सुटे भाग आणि दुरुस्ती. मी म्हटलं, "आप्पा, मी पण बसते दुकानात."

आप्पा हसले. "गिऱ्हाईक गाडी दाखवायला येईल का तुला बघायला?"

माझं लग्न ताडकळसला झालं. सासरी मोटारसायकल होती. तिला रेडिएटर नव्हता.

ताडकळसच्या घरी फोन बसला तेव्हापासून दादाचे दुपारचे फोन सुरू झाले.

"हां, साहेब. नवी टाकी बसवली तरी सुई वर जायलीय, साहेब."

पहिल्यांदा मला वाटलं राँग नंबर. मग कळलं, त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे, म्हणून मी साहेब.

"हवा काढली का?"

"न्हाई, साहेब."

"तोंड वर कर गाडीचं. आणि पट्ट्या आवळत बसू नको."

"लय उपकार झाले, साहेब."

इकडे माझं वरण उतू जायचं.

पंचवीस वर्षांहून जास्त हे चाललं. सेलूत सगळ्यांना वाटायचं, बसवराजअण्णांचे पुण्याला कुणी मोठे इंजिनिअर आहेत. मी का सांगत राहिले? कारण तेवढा वेळ तरी दुकानात मी बसलेली असायचे.

तो गेला त्या दिवशी मी आत बायकांमध्ये बसले होते. मांडीवर माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'.

मी कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट केला.

भाचा दादाचा फोन हातात घेऊन आत आला. "आत्या, हे 'साहेब पुणे' कोण हायेत? त्यांना कळवावं म्हणलं तर कट करायलेत."

मी फोन पाहायला मागितला. माझ्या नावाने त्यात नंबर नव्हता.

तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. साहेबांना कळलंय."

बाळा, बॅनर उतरवू नकोस. तुझे वडील गिऱ्हाइकाशी सचोटीने वागले, हे खरं आहे. फक्त 'स्वतःच्या हाताने' एवढं खोड.

दादा, सांगू नको म्हणाला होतास. इतकी वर्षं नाही सांगितलं.

आज सांगितलं.

साहेबांचा तुला शेवटचा नमस्कार.

– सुमन