झुंबरचा गोळ्यांवर विश्वास नव्हता

झुंबर शिंदे आष्टीकडून तारापूरला आला त्याला अकरा वर्षं झाली. एमआयडीसीतल्या औषधांच्या एका कारखान्यात तो ड्रायरवर असतो. ओली पावडर वाळवायची, चाळायची, ड्रमात भरायची. मास्क लावूनही घरी आल्यावर ओठ कडू लागतात.

त्यामुळे पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, स्नेहाला, निदान दोन वर्षं रोज गोळी लिहून दिली, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "कुठल्या कंपनीची?"

स्नेहा बोलता बोलता थांबायची. पापण्या फडफडायच्या, दहा-पंधरा सेकंद ती जागेवर असून नसायची, मग काही झालंच नाही अशी पुढं बोलायला लागायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लक्ष नसतं. डोक्याला तारा लावून आलेख काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ही फिटच आहे.

"पडत नाय, झडत नाय, मग फिट कसली?" बाहेर आल्यावर झुंबर बायकोला, अर्चनाला म्हणाला. दवाखान्याला लागूनच औषधाचं दुकान होतं आणि आलेख काढणारा माणूस दुकानदाराशी हसत बोलत उभा होता. झुंबरनं ते बघून ठेवलं. कारखान्यात नापास झालेला माल पुन्हा धुऊन नव्या ड्रमात जाताना त्यानं पाहिला होता. "एक महिना थांबू," तो म्हणाला आणि गोळ्यांची पिशवी कपाटावर टाकली.

त्याला पोरीचाही संशय यायचा. पाढे म्हणताना ती थांबली, की तो म्हणायचा, "नाटक करू नको." ती गोंधळून बघायची.

पण महिना संपायच्या आत तिचं मधेच थांबणं कमी झालं. एक दिवस तिनं साताचा पाढा न अडखळता म्हटला. आठ दिवस गेले, एकदाही नाही. कारखान्याच्या लॅबमधल्या, पालघरजवळच्या माहीमच्या प्रफुल्लला झुंबरनं अभिमानानं सांगितलं, "बिनगोळीची बरी झाली."

प्रफुल्लचा विश्वास बसला नाही. "आपोआप? घरी विचारा एकदा."

घरी येऊन झुंबरनं कपाटावरची पिशवी काढली. एकही गोळी कमी नव्हती. तरी मन स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून आला आणि झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. अर्चनानं पिठाच्या डब्यामागून दुसरीच स्ट्रिप काढली आणि गुळाच्या खड्याबरोबर स्नेहाच्या तोंडात गोळी दिली.

पोरगी शाळेत गेल्यावर तो उठला. मग म्हणाला, "कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"मला न सांगता?"

"तुमी महिना मागितला. तिसऱ्याच दिवशी ती बोईसरच्या रस्त्यावर मधोमध थांबली. टँकरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. तुमाला सांगितलं असतं, तर तुमी टँकरवाल्यावर संशय घेतला असता."

"आजपासून बंद," झुंबर म्हणाला.

"एकदम बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. डॉक्टर बोलल्या तेव्हा तुमी दुकानाकडं बघत होता."

हा घाबरवायचा धंदा असेल, म्हणून त्यानं प्रफुल्लला विचारलं. प्रफुल्लनंही तेच सांगितलं.

पुढच्या तारखेला झुंबर सुट्टी टाकून स्वतः गेला. बाईंना पारखायचं मनात ठरवूनच. "केस गळतील का?"

"गळू शकतात," डॉक्टर म्हणाल्या.

"लिव्हरला?"

"क्वचित त्रास होतो. म्हणून रक्त तपासायचं. कुठल्याही लॅबमध्ये करा, इथंच पाहिजे असं नाही."

"पूर्ण बरी होईल?"

"बरीच मुलं होतात. पण मी खात्री देणार नाही."

तिथं पहिल्यांदा त्याला बाईंचं बोलणं खरं वाटलं. खात्री दिली असती, तर तो पोरीला घेऊन उठला असता.

आता सकाळी सातला गोळी झुंबरच देतो. पाळीवर असला तर फोन करतो आणि गोळी खाल्ली का, हे अर्चनाला न विचारता स्नेहाला विचारतो. तीन आठवड्यांचं ते लपवणं अजून त्याच्या मनातून गेलेलं नाही. अर्चनाला कळतं. ती फोन पोरीच्या हातात देते.

स्नेहाची वेणी थोडी बारीक झाली आहे. रस्ता ओलांडताना तिचा हात धरायचं मात्र दोघांनीही सोडलेलं नाही.