रिठदात अर्धा राहिलेला सिनेमा

पुण्याहून रिसोडची बस धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, खोबऱ्याच्या वड्या आणि एक पेन ड्राइव्ह होता. त्यात माझा जीव की प्राण असलेला सिनेमा. चार मित्र रॉक बँड काढतात, गाजतात, भांडतात आणि फुटतात. शेवटी गायक रिकाम्या हॉलमध्ये ड्रमवाल्याची वाट बघत बसतो आणि तो येतच नाही. या शेवटापायी मी लोकांशी वाद घातलेत, एकदा तर भरल्या ताटावरून उठलेय. त्यामुळे माझी खोलीतली मैत्रीण वंदना गावाहून फोनवर म्हणाली, "आमच्या रिठदले ये, सगळ्यांले दाखव तुहा पिच्चर," तेव्हा मी हुरळून गेले. हाच सिनेमा का, हे विचारायचं सुचलंच नाही.

रिसोडला सोयाबीनच्या पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते. त्यातून वाट काढत काळीपिवळीत (प्रवाशांची जीप) कशीबशी शिरले. शेजारच्या आजोबांनी चौकशी सुरू केली.

"रिठदले कायले चालली?"

"सिनेमा दाखवायला. रॉक बँडचा आहे. एक जण गातो, एक ड्रम वाजवतो…"

"म्हंजे भजनी मंडळच म्हन ना!"

मला तो माझ्या बँडचा अपमान वाटला. मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं आणि मधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे.

वंदनाच्या आईनं पातोडी (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) केली होती. पहिल्याच घासाला माझं नाक वाहायला लागलं. "पावनी येनार म्हून तिखट टाकलंच नाही आज," काकू म्हणाल्या. मी पाणी पीत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली माणसांनी भरली. वंदनाचे बाबा बाजेवर बसले. उंबरठ्यात, अर्धे आत अर्धे बाहेर, एक किडकिडीत गृहस्थ टेकले. हे शेजारचे नामदेवकाका, असं वंदनानं सांगितलं. त्यांना बाबांनी 'या' म्हटलं नाही, याचं मला जरा नवल वाटलं.

सिनेमा सुरू झाला आणि माझा गोंधळही. हसायच्या जागी कुणी हसेना. ड्रमवाला लय वाढवतो आणि गायक भर कार्यक्रमात त्याला थांबवतो, त्या प्रसंगाला तर सगळी खोली टीव्ही सोडून आधी बाबांकडे, मग उंबरठ्याकडे बघायला लागली. मीही बघितलं. तिथं नामदेवकाकांशिवाय काहीच नव्हतं. ड्रमवाला निघून गेला तशी एका बाईनं "बाप्पा!" म्हणून तोंडाला पदर लावला. मला वाटलं, काय रसिक गाव आहे!

तेवढ्यात लाइन गेली. मी वंदनाला स्वयंपाकघरात ओढलं. "काय चाललंय हे?"

"बाबा पेटीवर, काका मृदंगावर. लहानपनापासून संग," ती कुजबुजली. "यंदा सप्त्यात काकानं लय वाढवली, तं बाबानं सगळ्यांसमोर थांबवलं त्यायले. तवापासून बोलनं बंद, मंडळबी बंद. म्या म्हटलं, पिच्चर पाहून मिळतीन. शेवटी मिळतेतच ना ते?"

मी कपाळावर हात मारला. ही बया आमच्या खोलीत दर वेळी मध्यंतरालाच झोपायची!

बाहेरून हाक आली, "ताई, लाइन काई येत नाही आता. पुढचं तुमीच सांगा."

मी बाहेर आले. बाबांनी भिंतीकडे बघत विचारलं, "आला का मंग तो ढोलवाला वापस?"

"आला," मी म्हणाले.

"पयले कोन गेलं कोनाकडं?" हे नामदेवकाका.

सगळे माझ्याकडे बघत होते. गायक म्हणावं, तर बाबांना सगळ्यांसमोर खाली बघावं लागणार. ड्रमवाला म्हणावं, तर काका उठून जाणार. ज्या सिनेमाचा संवाद न् संवाद मला पाठ, त्याच्याबद्दल मी म्हणाले, "आठवत नाही."

"इतक्या बारी पाह्यला न् आठोत नाही?" बाबा म्हणाले.

आणि लाइन आली. पंखा फिरला, टीव्ही उजळला, माणसं सरसावून बसली. मी उठले, पेन ड्राइव्ह उपसून मुठीत धरला आणि "खराब झाला वाटतं," असं काहीतरी पुटपुटले. कुणाला पटलं असेल असं वाटत नाही. काका उठून निघून गेले, बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आपण भलं केलं की वाटोळं, मला काही कळेना.

सकाळी निघाले तर ओट्यावर बाबा आणि नामदेवकाका दोन दिशांना तोंड करून बशीतून चहा पीत बसलेले. वंदना सोडायला आली होती. जीपपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"पहिले कोण आलं गं?"

"मले काय माहीत? मी उठली तं दोघंही बसेल होते," वंदना म्हणाली. "बोलले नाही अजून. पन चहा दुसऱ्यांदा मांगला."

पुण्याला आल्यावर रविवारी मी सिनेमा पुन्हा लावला. रिकामा हॉल आला, गायक खुर्चीत बसला. या जागी माझ्या डोळ्यांत हमखास पाणी येतं. या वेळी मात्र मला त्याचा भयंकर राग आला. अरे, बसून काय राहिलास? ड्रमवाल्याचं घर माहीत आहे ना तुला? मग ऊठ की!